ट्रॅकवर गेलेल्या रेसरसाठी स्मृती राइड: घरच्यांच्या होकारापासून शेवटची गाडी घरी पोचेपर्यंत

रेसर गेल्याची बातमी आली की दोन दिवसांत सगळ्या बायकर ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो: रविवारी जमू या, गाड्या काढू या. मेसेज पुढे पुढे जातो आणि आकडा कुणाच्याच हातात राहत नाही. मग रविवारी सकाळी एखाद्या चौकात दोनशे गाड्या उभ्या राहतात. निम्म्यांचे सायलेन्सर बदललेले असतात, पोलिसांना पत्ता नसतो आणि घरच्यांना त्याहून नसतो. अशा राइडमध्ये कुणी पडलं, तर गेलेल्याच्या आईला तसाच फोन दुसऱ्यांदा ऐकावा लागतो. म्हणून इथे एकच धोरण धरलं आहे: आवाज काय तो मैदानात, रस्त्यावर सभ्य रांग. राइड हा कार्यक्रमाचा छोटा भाग आहे, आणि तो छोटाच ठेवायचा.

हिशेब कळावा म्हणून निगडीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने वडगाव-कामशेतच्या आसपासच्या एखाद्या मैदानापर्यंत जाणारी साठ गाड्यांची राइड डोळ्यांपुढे ठेवली आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावातून निघणाऱ्यांनी रस्त्यांची नावं बदलून घ्यावीत, बाकी गणित तेच.

घरचे आधी

पहिल्या आठवड्यात राइडचं नावही काढू नका. २०२० च्या डाकार रॅलीत १२ जानेवारीला, सातव्या टप्प्यात, हिरो मोटोस्पोर्ट्सचा पोर्तुगीज रायडर पावलो गोन्साल्विस गेला. आयोजकांनी दुसऱ्या दिवशीचा बाइकचा टप्पा रद्द केला आणि हिरोच्या टीमने रॅलीतून अंग काढून घेतलं. आधी थांबायचं, मग पुढचं ठरवायचं, हा क्रम एवढ्या मोठ्या स्पर्धेतही मोडत नाहीत. आपली तर रविवारची राइड.

घरच्यांशी एकानेच बोलायचं. क्लबचा अध्यक्षच गेला पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा पिटमध्ये त्याची गाडी सांभाळणारा मेकॅनिक किंवा घरी येऊन-जाऊन असलेला मित्र यासाठी बरा. त्याने जाऊन कार्यक्रमाची रूपरेषा ऐकवायची नाही, विचारायचं. हवं आहे का? कुठला फोटो चालेल? रेस नंबर वापरू का? घरातलं कोण येणार? इंजिनांचा आवाज सहन होईल का? शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. ज्या वडिलांनी अपघात ट्रॅकच्या कडेला उभं राहून पाहिला, त्यांच्यासाठी साठ इंजिनं एकदम रेस होण्याचा आवाज म्हणजे मानवंदना असेलच असं नाही. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच मिटला.

तारीख घरच्या विधींच्या आड येऊ द्यायची नाही. दहावा-तेरावा होऊन गेल्यानंतरचा रविवार साधारण ठीक पडतो. मुस्लिम घरात चाळिसावा झाल्यावर बघा. वसईत किंवा गोव्यात ख्रिस्ती घर असेल तर महिन्याच्या मिस्साची तारीख आधी विचारून घ्या. पितृपक्षाबद्दल ज्याच्या त्याच्या घरच्या समजुती वेगळ्या, तेव्हा आपण अंदाज बांधायचा नाही. गेलेला रेसर अल्पवयीन असेल तर नाव, फोटो आणि नंबर वापरायला आईवडिलांची लेखी परवानगी हवी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर १३ वर्षांचा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत गेला, त्यामुळे हा मुद्दा कागदावरचा राहिलेला नाही.

अंतर, वेळ आणि आकडा

एका बाजूचं अंतर तीस ते चाळीस किलोमीटर पुरे. निगडीहून कामशेत साधारण तीस. पुण्याहून थेट कोल्हापूरला ट्रॅकपर्यंत जाऊ, ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. सव्वादोनशे किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट, आणि परतताना सगळे दमलेले, रडून डोळे जड झालेले. नको. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे हे नव्या मुलांना वेगळं सांगावं लागतं, कारण मोबाइलचा नकाशा कारच्या सेटिंगवर राहिला तर तिकडेच वळवतो.

जून ते सप्टेंबरमधला रविवार असेल तर सकाळी नऊनंतर लोणावळ्याच्या दिशेने जायचं नाव नको. पर्यटकांच्या गाड्यांत तुमची रांग तुकड्यातुकड्यांनी तुटते. सकाळी सहाला हजेरी, साडेसहाला सूचना, पावणेसातला पहिली तुकडी, आठच्या आत सगळे मैदानात. साडेआठला कार्यक्रम, साडेनऊला पोहे-चहा, साडेदहाला पांगापांग. कार्यक्रम पाऊण तासाच्या वर गेला की मागच्या रांगेतले मोबाइल काढतात.

जमायची जागा चौक किंवा पेट्रोल पंप नसावी. पंपावर साठ गाड्या उभ्या राहिल्या की पंपवाल्याचा धंदा बसतो आणि तो पोलिसांना फोन करतो, त्यात त्याची चूकही नसते. रविवारी रिकामं असणारं एखादं कॉलेज किंवा कंपनीचं पार्किंग लेखी होकार घेऊन मिळवा. टाकी आदल्या रात्रीच भरून यायची.

मैदान निवडताना खाली काय आहे ते बघा. मुरूम किंवा सिमेंट हवं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत वाळलेल्या गवतावर गाड्या लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगलाच तापलेला असतो आणि गवत त्याला खालून टेकतं. ओल्या काळ्या मातीत साइड स्टँड रुततो आणि एक गाडी शेजारच्या तिघींना घेऊन आडवी होते. माती मऊच असेल तर स्टँडखाली ठेवायला चार-चार इंचांचे प्लायवुडचे साठ तुकडे कापून न्या.

पोलिसांचा अर्ज

किमान पंधरा दिवस आधी. अर्जात तारीख, निघायची आणि पोचायची वेळ, संपूर्ण मार्ग, गाड्यांची संख्या, जमण्याची आणि संपण्याची जागा, जबाबदार तिघांची नावं आणि फोन नंबर, रुग्णवाहिकेची व्यवस्था. विषयाच्या ओळीत 'स्मृती दुचाकी फेरी, दिवंगत खेळाडूस आदरांजली' असं लिहा. 'रेस' हा शब्द अर्जात कुठेही नको. 'रेसर' लिहावं लागेल तिथे 'मोटरसायकल क्रीडापटू' लिहा. हा शब्दांचा खेळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि टेबलावरच्या माणसाची नजर पहिल्यांदा त्याच शब्दावर अडते.

आपल्या उदाहरणातला मार्ग दोन हद्दींतून जातो. देहूरोड आणि तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, वडगाव मावळ आणि कामशेत पुणे ग्रामीणमध्ये. एका बाजूची परवानगी दुसरीकडे चालत नाही. अर्जाच्या प्रती दोन्हीकडच्या वाहतूक शाखेला आणि वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला द्या, आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच म्हणजे परवानगी नव्हे, पण ठाण्यात माहिती होती एवढं त्यातून सिद्ध होतं. आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. जमावबंदीचा आदेश अचानक लागतो, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तो लागला की आधीची परवानगी घेऊन वाद घालण्यात अर्थ नसतो. अशा वेळी राइड रद्द करून थेट मैदानावर आपापलं भेटणंही नको, तोही जमावच.

माइक लावायचा असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंदी. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. मैदान निवडतानाच हे अंतर पावलांनी मोजून घ्या.

ड्रोनचा हट्ट कुणीतरी धरतोच. देहूरोडला लष्करी छावणी, पुढे लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी. या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवणं म्हणजे संध्याकाळ पोलीस ठाण्यात घालवायची तयारी. मैदानावर स्टूल ठेवून त्यावर उभं राहून काढलेला फोटो पुरतो.

नोंदणी आणि तुकड्या

साठ म्हणजे साठ. एकसष्टावा आला तर त्याने थेट मैदानात यावं, रांगेत नाही. नोंदणीत नाव, गाडीचा नंबर, रक्तगट, घरच्या एकाचा फोन. लायसन्स, विमा आणि पीयूसी जमण्याच्या जागी बघायचं. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवं, आणि टोपीसारखं अर्धं हेल्मेट असेल तर त्याला परत पाठवायची हिंमत ठेवा. बदललेला सायलेन्सर रस्त्याच्या भागात चालणार नाही, हे नोंदणीच्या वेळीच लिहून टाका. ऐनवेळी सांगितलं की भांडण होतं.

दहा-दहाच्या सहा तुकड्या. हे आकडे उगाच नाहीत. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. तिरप्या रांगेत, म्हणजे एक उजवीकडे, पुढची डावीकडे अशा मांडणीत, शेजारच्या तिरक्या गाडीपासून एक सेकंद आणि सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर ठेवायचं. दहा गाड्यांची तुकडी त्यामुळे साधारण सव्वाशे मीटर लांब होते. एखादा ट्रक तिला ओलांडून पुढे जाऊ शकतो. साठच्या साठ एकाच रांगेत सोडल्या तर शेपूट आठशे मीटरच्या वर जातं. मग त्यात रिक्षा घुसतात, सिग्नलला रांग तुटते आणि मागे राहिलेले पुढच्यांना गाठायला ऐंशी-नव्वदने पळवतात. अपघाताची भीती या पाठलागातच जास्त. दोन तुकड्यांत दोन मिनिटांचं अंतर ठेवलं की पहिली आणि शेवटची यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडतो. बस्स.

प्रत्येक तुकडीला पुढे लीड, म्हणजे वाट दाखवणारा, आणि मागे स्वीप, म्हणजे सगळ्यांत शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा. लीडच्या लगेच मागे १०० ते १५० सीसीच्या गाड्या आणि नवशिके; मोठ्या गाड्या मागे. उलटं केलं तर लीडला मागचा दिसत नाही आणि छोटी गाडी दम तोडत राहते. लीडने सिग्नल पिवळा दिसला की थांबायचंच, 'आपली अर्धी तुकडी निघेल' असा हिशेब नाही. तुकडी तुटलीच तर मागच्यांनी घाई करायची नाही. वळणावर पुढच्या गाडीवाल्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर कुणीही चुकत नाही.

स्वीपच्या बॅगेत ट्यूबलेस पंक्चरच्या दोऱ्या आणि हवा भरायचा छोटा पंप, क्लच वायर, चेन लॉक, दोन प्लग, फ्यूज, केबल टाय, टेप. प्रथमोपचारात जाड गॉज, दाबपट्ट्या, त्रिकोणी कापड, हातमोजे आणि कपडे कापायची कात्री. जॅकेटची चेन ओढत बसायला वेळ नसतो.

त्याची गाडी आणायची असेल तर

आधी मालक कोण ते बघा. रेसची गाडी अनेकदा टीमची असते, घरच्यांची नसते. तेव्हा होकार दोघांचा लागतो. अपघातातली गाडी आणायचीच नाही. ती पंचनाम्यातला पुरावा असू शकते, विमा कंपनीला हवी असते, आणि मोडका हँडल बघून आईला काय वाटेल हे समजावून सांगायची गरज नसावी. सरावाची गाडी, पहिली गाडी, लहानपणी चालवलेली लूना किंवा एम-८० असेल तर उत्तमच.

गाडी टेम्पोतून न्या. छोटा हत्ती पुरतो. पेट्रोल काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवून चार रॅचेट बेल्ट बांधा: पुढचे दोन खालच्या टी ला (पुढचे शॉकअप धरणाऱ्या खालच्या जोडाला), पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढणारे, मागचे दोन फ्रेमला किंवा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, मागे ओढणारे. रेसच्या गाडीला क्लिप-ऑन हँडल, म्हणजे शॉकअपवर आवळलेले दोन सुटे हँडल, असतात. त्यांच्या टोकाला बेल्ट लावला की ते फिरतात किंवा वाकतात, आणि फेअरिंगवरून (गाडीच्या बाहेरच्या आवरणावरून) गेलेला बेल्ट पहिल्या खड्ड्यात तिला तडा देतो. बेल्ट आणि रंग यांच्यामध्ये जुना टॉवेल घाला. पुढचे शॉकअप अर्धे दबतील इतकंच आवळा, त्यापुढे गेलात तर ऑइल सील फुटतो. साइड स्टँडवर उभी करून बांधू नका. हादऱ्यांनी स्टँड वाकतो, बेल्ट सैल पडतात आणि गाडी एका अंगाला कलते. चाकं उभी, स्टँड वर, सगळं वजन बेल्टवर. पाच किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, कारण तोवर शॉकअप बसलेले असतात.

मैदानात पॅडॉक स्टँडवर, म्हणजे चाक उचलून गाडी सरळ धरणाऱ्या सुट्या स्टँडवर, उभी करा. हार घालायचा तर नायलॉनच्या दोऱ्याचा नको. शेवंती-झेंडूचा सुती दोऱ्यात ओवलेला हार टाकीवर ठेवा, हँडलवरून चेनपर्यंत लोंबणारा नको. कार्यक्रमानंतर कुणीतरी भावनेच्या भरात गाडी ढकलतो आणि दोरा चेनच्या स्प्रॉकेटमध्ये जातो.

रिकामी जागा

दिवंगत रायडरची जागा रांगेत रिकामी ठेवायची पद्धत जगभर आहे. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून लीड आपल्या लेनच्या उजव्या भागात असतो. त्याच्या बरोबरीची डावी जागा मोकळी ठेवायची. मागच्या गाड्या दोन-दोनच्या जोडीने, पण पहिल्या ओळीत एकटा लीड आणि त्याच्या शेजारी कुणी नाही.

दिसायला साधं, करायला फसवं. हायवेवर हे करू नका. डावीकडे मोकळी जागा दिसली की स्कूटरवाला त्यात येणार, आणि त्याला हातवारे करून हाकलणं जास्त धोक्याचं. शिवाय जोडीने शेजारी-शेजारी चालवताना खड्डा चुकवायला जागाच उरत नाही. मैदानाच्या फाटकापासून आतले शेवटचे तीनशे-चारशे मीटर एवढ्यातच हे करायचं. तिथे सहाही तुकड्या एकत्र करा, फाटक बंद करा, मग आत शिरा. वेग ताशी २० ते २५. दहाच्या खाली गेलात की मोठ्या गाड्या डुलतात, अर्धा क्लच दाबून धरावा लागतो, त्याचा जळका वास येतो आणि शेवटी एखादा पाय टेकवताना आडवा होतो. आदल्या रविवारी सहा लीडना घेऊन रिकाम्या मैदानात तीन वेळा सराव करा.

लीडला पुढची जागा कुणी द्यायची यावरून क्लबांत मानापमान होतो. घरच्यांना विचारा. ते ज्याचं नाव घेतील तो.

एक मिनिट आवाज, एक मिनिट शांतता

मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेतला इटालियन रेसर मार्को सिमोनचेल्ली २३ ऑक्टोबर २०११ ला मलेशियातल्या सेपांगच्या शर्यतीत गेला. दोन आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या रिकार्डो तोर्मो सर्किटवर मोसमातली शेवटची शर्यत होती. त्याच्या वडिलांनी शांततेचं मिनिट नको म्हटलं. मुलगा गोंगाट करणारा होता, तसाच निरोप हवा होता. तिन्ही वर्गांचे रायडर फेरीला निघाले, पुढे सिमोनचेल्लीच्या ५८ नंबरच्या होंडावर माजी विश्वविजेता केव्हिन श्वांट्झ, आणि शेवटी इंजिनांचा गदारोळ आणि फटाके. आपल्याकडे गाड्या रेस करून मानवंदना द्यायची जी लाट दिसते, ती पाहिली की हा प्रसंग आठवतो. पण तिथे वडिलांनी मागितलं होतं, ट्रॅक बंद होता आणि गाड्या त्यासाठीच बांधलेल्या होत्या. आपल्या गाड्या परत घरी जायच्या असतात.

आवाज करायचा ठरला तर तो असा. गाड्या अर्धवर्तुळात, सायलेन्सर बाहेरच्या बाजूला, तोंडं फोटोकडे. दोन गाड्यांत दीड मीटर. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आतल्या बाजूला, किमान दहा मीटर लांब, आणि त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग. वर छप्पर नको. पत्र्याच्या शेडमध्ये साठ इंजिनं चालली तर मिनिटभरात डोकी जड होतात, तो कार्बन मोनॉक्साइड असतो. न्यूट्रलमध्ये, पुढचा ब्रेक धरून, रायडर गाडीवर बसलेला. साइड स्टँड वर घेतलेला असावा, नाहीतर काही गाड्यांत स्टँडचा सेन्सर न्यूट्रलमध्येही इंजिन बंद करतो आणि ऐन वेळी तुमची एकटी गाडी मुकी होते.

तीन ते चार हजार आरपीएमपर्यंत न्यायचं, सोडायचं, पुन्हा न्यायचं. लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या वेगाच्या शेवटच्या मर्यादेवर, आपटत ठेवायचं नाही. गाडी उभी असताना समोरून वारा लागत नाही, त्यामुळे हवेवर थंड होणारी इंजिनं मिनिटभरातही तापतात. भाराशिवाय लिमिटरवर धरलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड यांना जो झटका बसतो, तो चालत्या गाडीत सहसा बसत नाही. सायलेन्सरमधून फटाके काढणाऱ्यांना आधीच बाजूला घ्या. बर्नआउट करणाऱ्याला, म्हणजे गाडी जागेवर धरून मागचं चाक फिरवत धूर काढणाऱ्याला, त्या दिवशी पोहे नाहीत. कडेला सहा किलोच्या एबीसी पावडरची दोन अग्निशामकं आणि पाण्याचा ड्रम तयार असावा. फोटोपुढची समई काचेच्या चिमणीत, आणि गाड्यांपासून पंधरा मीटर दूर.

नंबर दोन अंकी आणि बरा असेल तर मिनिटाऐवजी तेवढे सेकंद करता येतात: ४६ नंबर, ४६ सेकंद. एकाने स्टॉपवॉच धरायचं, दुसऱ्याने झेंडा. झेंडा वर गेला की सुरू, खाली आला की सगळ्यांनी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाबायचा, चावी नाही. चावी शोधण्यात प्रत्येकाचा एक-दोन सेकंदांचा फरक पडतो आणि आवाज एकदम तुटण्याऐवजी ठिबकत राहतो.

शांतता याच्या नंतर ठेवा, आधी नको. अंगठे एकदम खाली जातात, आवाज कापल्यासारखा थांबतो. एखाद्या गाडीचा रेडिएटरचा पंखा थोडा वेळ घरघरत राहतो, मग तोही बंद होतो. तापलेले सायलेन्सर आकसताना टिक, टिक करायला लागतात. इकडे एक, तिकडे दोन. एरवी कुणाच्या कानावरही न पडणारा आवाज साठ गाड्यांमधून येतो तेव्हा माइकवरून काही बोलायची इच्छा कुणाला राहत नाही. निवेदकाला हे आधी सांगून ठेवा: त्या मिनिटात 'आपण सर्वांनी दोन हात जोडून' वगैरे काही नको.

माइक, फोटो, स्टिकर, पैसे

बोलणारे तिघे, प्रत्येकी तीन मिनिटं. एक ट्रॅकवरचा, एक घरचा किंवा घरच्यांनी सांगितलेला, एक जुना प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याचं बोलणं बहुतेक वेळा सगळ्यांत चांगलं होतं, कारण तो कुठल्या वळणावर मागे पडायचा ते त्याला नेमकं माहीत असतं. नगरसेवकांचा सत्कार, प्रायोजकांचे आभार, नारळ-शाल काही नाही. अपघात कशाने झाला यावर माइकवर एक शब्द नको. चौकशी चालू असते, आणि तिथे उच्चारलेलं 'ब्रेकच लागला नाही' हे वाक्य संध्याकाळपर्यंत बातमी होतं. अपघाताचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढा, समज देत बसू नका.

फोटो दोन फूट बाय तीन फूट, सनबोर्डवर मॅट छापलेला. चकचकीत कागदावर सकाळचं ऊन पडून चेहरा दिसत नाही. मागून दोन वाळूच्या पिशव्या बांधा, मावळातला वारा स्टँडसकट उचलतो.

नंबरचा स्टिकर तीन इंचांचा, टाकीवर किंवा व्हायझरच्या कडेला. नंबर प्लेटवर, हेडलाइटवर किंवा इंडिकेटरवर नाही. सिमोनचेल्लीचा ५८, आणि त्याच्यासारखेच दिवंगत रेसर निकी हेडनचा ६९ आणि दाइजिरो कातोचा ७४ हे नंबर मोटोजीपीत आता कुणाला मिळत नाहीत. क्लबच्या पातळीवरही हे जमतं: स्थानिक डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसच्या आयोजकांना पत्र लिहून एक मोसम तो नंबर वाटू नका, अशी विनंती करा. पैसे लागत नाहीत आणि घरच्यांना ते बॅनरपेक्षा मोलाचं वाटतं.

मदत गोळा करायची तर क्यूआर कोड घरच्यांच्याच खात्याचा. क्लबमधल्या कुणाच्या वैयक्तिक खात्यात नाही, दोन दिवसांपुरतंही नाही. टी-शर्ट विकायचे असतील तर छपाईचा खर्च आणि शिल्लक कागदावर लिहून पंधरा दिवसांत सगळ्यांना दाखवा. टी-शर्टांच्या हिशेबावरून फुटलेले क्लब कमी नाहीत.

कुणी पडलंच तर

निर्णय आदल्या रात्री घेऊन ठेवा: कुणाला रुग्णालयात न्यावं लागलं, तर राइड तिथेच संपते, उरलेले एकेकटे घरी किंवा मैदानात जातात, रांग नाही. पडलेल्याच्या तुकडीचं पुढे काय करायचं ते तिचा स्वीप ठरवतो. एकाने मागे पन्नास मीटरवर जाऊन वाहनांना हात दाखवायचा, एकाने १०८ ला फोन, बाकीच्यांनी गाड्या रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यायच्या. गर्दी करून उभ्या राहिलेल्या आठ गाड्यांमुळे दुसरा अपघात होतो. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, मान हलवू नका. श्वासच नसेल तर दोघांनी मिळून काढायचं: एकाने मान आणि जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी फाकवून सरळ ओढायचं. जवळचं रुग्णालय कोणतं आणि रविवारी तिथे सर्जन असतो का, हे आधी जाऊन विचारून ठेवा. पडलेल्याच्या घरी फोन एकानेच करायचा, आणि नोंदणीतल्या नंबरावरच.

पाऊस, धुकं किंवा रस्त्यावर सांडलेलं डिझेल दिसलं तर शेवटचा शब्द पहिल्या तुकडीच्या लीडचा. कोण किती लांबून आला, हे त्यात धरायचं नाही.

परतीची वाट

परत येताना रांग लावू नका. दोघे-तिघे आपापले निघतात. निघण्याआधी फुलं, पाण्याच्या बाटल्या आणि प्लायवुडचे तुकडे गोळा करा. मैदानवाला पुढच्या वर्षी हेच आठवून हो किंवा नाही म्हणतो. फोटोची फ्रेम आणि राहिलेले स्टिकर घरच्यांकडे द्या, क्लबच्या कपाटात धूळ खात नकोत.

पुढच्या वर्षांचं काय, याचं उत्तर त्याच दिवशी देऊ नका. वर्षश्राद्धाला एक राइड होते, तिसऱ्या वर्षी वीस गाड्या येतात आणि पाचव्या वर्षी बॅनर तेवढा उरतो. त्यापेक्षा नाव एखाद्या टिकणाऱ्या गोष्टीला द्यावं. इटलीतल्या मिसानोच्या सर्किटला सिमोनचेल्लीचं नाव आहे, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे १९९५ मध्ये विमान अपघातात गेलेल्या रेसर करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. क्लबला ट्रॅक बांधता येणार नाही, पण दरवर्षी एका नवख्या मुलाला आयएसआय किंवा ईसीई मार्कचं चांगलं हेल्मेट आणि ट्रॅकवरचं एक दिवसाचं प्रशिक्षण त्याच्या नावाने देता येतं.

सहा स्वीपच्या हातात नोंदणीची यादी असते. घरी पोचल्यावर प्रत्येकाने आपल्या तुकडीच्या ग्रुपवर 'पोचलो' एवढंच टाकायचं, स्वीपने नावावर रेघ मारायची. दुपारी दोनपर्यंत ज्याचं नाव उरलं, त्याला फोन. तोही उचलला नाही तर नोंदणीतल्या दुसऱ्या नंबरावर. साठाव्या नावावर रेघ पडली की रक्तगट आणि फोन नंबरांची यादी फाडून टाकायची, मोबाइलमधली पुसायची, आणि घरच्यांशी बोलणाऱ्या त्या एकाने त्यांना कळवायचं: सगळे घरी पोचले.